कुलपातलं सूत

जाईबाईच्या रागाची अकोल्यात ख्याती होती. मोर्णा नदीपलीकडच्या वस्तीत कोणाचं भांडण पेटलं आणि मिटेना झालं, की लोक म्हणायचे, "थांब, जाईबाईले बोलावतो," आणि निम्मी भांडणं तेवढ्यानंच मिटायची. तिचा राग भाकरीच्या तव्यासारखा होता. चटकन तापायचा नाही, पण एकदा तापला की चूल विझल्यावरही बराच वेळ हात लावायची सोय नसायची. मी ही हकिकत सांगतो आहे ती तिच्या सगळ्यात लांबलेल्या रागाची. आणि आधीच सांगून टाकतो, तो राग शंभर टक्के रास्त होता.

ती अमरावतीजवळच्या वलगावची लेक. बाप विणकर. सूत उकळत्या रंगात किती वेळ ठेवायचं, नदीवर किती धुवायचं, मागावर ताणा कसा लावायचा, हे सगळं ती परकर नेसायच्या वयात शिकली. अकोल्याला मोतीरामच्या घरात पडली तेव्हा घरात एक माग होता. मोतीराम गरीब गायीसारखा माणूस, आवाज कधी चढला नाही. पण धागे ठोकून बसवायचा लोखंडी पंजा हातात घेतला की त्याच्या सतरंजीत पाणी ठरावं अशी वीण बसायची. त्यानं विणावं आणि हिनं विकावं, असा संसार. साठ साल उजाडेपर्यंत एकाचे सहा माग झाले. एक घरचा, बाकीच्या पाचांवर वस्तीतलीच माणसं.

छप्पन्न साली दोघं नवराबायको नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. परत आल्यावर जाईबाईनं पहिली कोणती गोष्ट केली असेल, तर बाजारात दुकानाच्या पायरीखाली उभं राहून बोलणं बंद केलं. सरळ पायरी चढायची, सतरंजी शेटच्या गादीवर पसरायची आणि भाव सांगायचा. कोणी नाक मुरडलं तर म्हणायची, "माल पाहा, माह्या पायाकडे पाहू नका." माल असा असायचा की नाक मुरडणाराच शेवटी पैसे मोजायचा.

सूत ती महादेवरावाकडून घ्यायची. बाजारातला सुताचा मोठा व्यापारी. महादेवराव काही साधुसंत नव्हता. गठ्ठ्यामागं दोन पैसे जास्तच लावायचा आणि वर "तुमच्यासाठी म्हणून" असंही म्हणायचा. पण सूत उधार द्यायचा आणि ते घरी यायचं. सतरंज्या विणून झाल्या की त्याच्या दुकानात नेऊन टाकायच्या, हिशेब फिटेपर्यंत त्या त्याच्या. याला वस्तीत 'सूत तारणावर घेणं' म्हणत. तारण म्हणजे विणून तयार झालेला माल. सुताला कोणी अडवून ठेवत नसे, कारण अडवलेलं सूत फक्त उंदरांच्या कामाचं, एवढं महादेवरावालाही कळत होतं. हा रिवाज ध्यानात ठेवा. पुढं सगळं घोडं इथंच अडलं.

एकसष्ट-बासष्टच्या सुमारास बाजारात एका बँकेची शाखा उघडली. मोठी कचेरी अमरावतीला, ही तिची अकोल्याची पोर. पितळी जाळी, डोक्यावर पंखा, भिंतीवर घड्याळ. बँकेच्या साहेबाला तेव्हा एजंट म्हणत. हे एजंटसाहेब पुण्याकडचे, इस्त्रीच्या कपड्यातले, बोलणं असं स्वच्छ की त्यात खडा सापडायचा नाही. त्यांनी गावात चार ठिकाणी भाषणं केली. थेंबे थेंबे तळे साचे, गरिबाची बचत हीच देशाची पुंजी, वगैरे. जाईबाई एका भाषणाला गेली आणि पटून आली. तिला नवी गोष्ट लवकर पटायची, हा तिचा दोष म्हणा की गुण म्हणा.

वस्तीतल्या बायकांनी विहार बांधायचा म्हणून पैसे जमवले होते. कोणी भाजी विकून, कोणी निंदणाखुरपणाच्या मजुरीतून. ते सुंदराबाईच्या लोखंडी ट्रंकेत असायचे. सुंदराबाई वस्तीतली सगळ्यात म्हातारी, आणि तिच्याइतकं पक्कं कुलूप कोणत्याच ट्रंकेला नव्हतं. जाईबाई तिच्या मागं लागली.

"आत्या, ट्रंकेतले पैसे उंदीर खातात. बँकेतले वाढतात."

"अवो बाई, पन आपले पैसे तिथी कोन वापरन?"

"कोनी नाई वापरत. ठेवतात ते. साहेबानं सांगितलं."

सुंदराबाईला पटलं नाही, पण जाईबाईपुढं कोण बोलणार? पैसे पाच वर्षांच्या मुदतीनं बँकेत गेले. एजंटसाहेबांनी उभं राहून नमस्कार केला, बायकांना खुर्च्या दिल्या. पैसे घेऊन येणाऱ्याला तिथं खुर्ची मिळते, हे बायकांनी पाहिलं. पैसे मागायला येणाऱ्याला काय मिळतं, ते पाहायचं होतं.

वर्षभरात बाजाराची तऱ्हा बदलली. बँकेनं महादेवरावाला कर्ज दिलं आणि त्यानं दुकानामागं पक्कं गोदाम बांधून ते सुतानं भरलं. दारावर बँकेचं कुलूप आलं, वर पाटी आली: 'या गोदामातील माल बँकेकडे तारण आहे.' महादेवरावाला ती पाटी बारीक वाटली, म्हणून त्यानं पदरचे पैसे घालून मोठ्या अक्षरात रंगवून घेतली आणि दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला. बाजारात त्या पाटीचा अर्थ सोपा होता. या माणसावर बँक पैसा लावते, म्हणजे हा माणूस मोठा.

तेवढ्यात जाईबाईला तिच्या जन्माची संधी चालून आली. नवी जिल्हा परिषद स्थापन झाली होती, आणि तालुक्यातल्या शाळांत पोरांना बसायला तीनशे सतरंज्या हव्या होत्या. लांब पट्ट्या, निळ्या-लाल काठाच्या. जाईबाईनं भाव भरला आणि तिचाच भाव मंजूर झाला. जूनअखेर माल द्यायचा, नाही दिला तर अनामत बुडाली. अनामतीसाठी तिनं गळ्यातली सोन्याची एकदाणी मोडली. मोतीराम हळूच म्हणाला, "एवढं धाडस बरं नाई." ती म्हणाली, "हे झालं तं माग आपले, गिऱ्हाईक आपलं, कोनाच्या दारात सतरंजी टाकाची गरज नाई. नाई झालं तं पाहू."

आता सूत पाहिजे होतं, आणि भरपूर. ती महादेवरावाकडे गेली.

"जाईबाई, उधारी बंद केली बाप्पा," महादेवराव गादीवरून म्हणाला. "बँकवाले विचारतात, बाहेर किती अडकले? साहेब म्हनते, असे बिनतारनाचे पैसे कमी करा. मी तरी काय करू? आता बँक आली नं तुमच्यासाठी. तिकडेच जा."

दहा वर्षांचा व्यवहार त्यानं पान थुंकावं तसा थुंकून टाकला. जाईबाईला राग आला, पण तिनं तो गिळला. बँकेत आपला मान आहे, आपल्याला खुर्ची मिळाली होती, असं तिच्या मनात होतं.

आणि बँकेत तिला खरंच चहा मिळाला. लहान धंद्यांनाही कर्ज द्या, असं वरून नुकतंच पत्र आलेलं होतं, आणि एजंटसाहेबांना दाखवायला एक तरी लहान धंदा हवा होता. सरकारी ऑर्डर हातात असलेली, सही करता येणारी, विहाराच्या ठेवीमुळं ओळखीची बाई समोर आली म्हटल्यावर ते खूश झाले.

"तारण काय द्याल?" त्यांनी विचारलं.

"सूत तारन," जाईबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढं विणलेल्या सतरंज्यांची थप्पी होती.

"उत्तम. सूत तारण," एजंटसाहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढं कुलूप होतं.

दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही. कशाला विचारतील? दोघांनाही वाटलं, यात विचारायचं काय. अमरावतीहून मंजुरी आली. पैसे जाईबाईच्या हाती न देता बँकेनं सरळ महादेवरावाला दिले आणि महादेवरावानं बँकेच्याच गोदामातलं सूत काढून बैलबंडीत घातलं. वस्तीत बंडी आली तेव्हा पोरं मागं धावली, बायकांनी दारात उभं राहून पाहिलं. मोतीराम आणि बुधाजीनं गठ्ठे उतरवून बाजूच्या खोलीत रचले. बुधाजी म्हणजे मागावरच्या पाच विणकरांतला सगळ्यात जुना. रंगाची कढई चुलीवर चढलीसुद्धा.

तासाभरात बँकेचा शिपाई आला. त्याच्या हातात कुलूप, लाख आणि एक पाटी. बरोबर बँकेचा गोदामकीपर देवराव होता, पण तो वस्तीच्या तोंडाशी असलेल्या निंबाखालीच थांबला. देवराव बऱ्या खात्यापित्या शेतकरी घरातला. वस्तीत पाऊल घालायचं नाही, ही त्याच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. देशात नवे कायदे आले, पण देवरावाच्या पायांपर्यंत ते पोचले नव्हते. तिथूनच तो ओरडून सांगत होता, "वरून लाव! लाख नीट बसव! पाटी सरळ कर!"

शिपायानं खोलीच्या दाराला कुलूप घातलं, त्यावर लाखेची मोहोर मारली आणि पाटी ठोकली.

"हे काय होय?" जाईबाईनं विचारलं.

"बँकेचं तारन," निंबाखालून देवराव ओरडला. "सूत पाहिजे असलं की पैसे भराचे. जेवढे भरान तेवढे गठ्ठे मी काढून देईन."

जाईबाई दारासमोर उभी राहिली. चुलीवर रंगाला उकळी फुटली होती. कढईत बुडवायला सुताची एक लडीही हातात नव्हती.

त्यानंतर जे झालं ते बँकेच्या कोणत्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. तीच पाटी, तेच शब्द. बाजारात तिच्यावर हार चढला होता, आणि वस्तीत तिचा अर्थ झाला जप्ती. या लोकांनी आजवर दाराला लागलेलं दुसऱ्याचं कुलूप एकाच कामासाठी पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत बायका भेटायला आल्या, कोणी मेल्यावर येतात तशा. सुंदराबाई पाटीकडे पाहून उठून गेली. विणकर एकेक करून आले आणि खाली मान घालून मागची मजुरी मागू लागले. तिघं तर बाळापूरला दुसऱ्यांच्या मागांवर निघून गेले. बुधाजी राहिला, पण तोही विचारत होता, "जाईबाई, खरं सांगा, किती बुडाले?"

दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली. या वेळी खुर्ची कोणी पुढं केली नाही.

"साहेब, सूत कुलपात हाय. विणू कशाचं?"

"बाई, नियम आहे. जेवढं सूत सोडवायचं तेवढी रक्कम आधी भरायची."

"पैसे असते तं तुमच्या दारात काहून आली असती?"

एजंटसाहेब खरोखरच गोंधळले. "पण तुम्ही सूत घेऊन विकत नाही का?"

"विकून नाई राहिलो, विणून राहिलो आमी!"

"मग विणलेला माल विकून पैसे भरा."

"विणू कशाचं?"

असं दोनदा फिरून झाल्यावर एजंटसाहेबांनी घंटी वाजवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. वाईट माणूस नव्हता तो. उंटावरचा शहाणा होता, एवढंच. विकणाऱ्यासाठी नियम अगदी चोख होता. गिऱ्हाईक आलं, पैसे दिले, ते बँकेत भरले, गठ्ठा सुटला. ज्याला काही बनवायचं आहे, त्याच्यासाठी मात्र बँकेनं कर्जाच्या नावाखाली त्याचाच कच्चा माल कोंडून ठेवला होता आणि वर व्याज चालू केलं होतं. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत. आणि कुत्रा तर भीक घालणाऱ्यानंच बांधला होता.

परत येताना ती महादेवरावाच्या दुकानावर थांबली. काही विचारायचं होतं म्हणून नाही, पाय आपोआप थांबले. देवराव तिथं ओट्यावर बसून चहा पीत होता. तेवढ्यात महादेवरावाच्या नोकरानं खुंटीवरची किल्ली काढली, मागं जाऊन बँकेचं कुलूप उघडलं, दोन गठ्ठे गिऱ्हाइकाच्या बंडीत टाकले आणि किल्ली परत खुंटीला अडकवली. देवरावानं बशीतून डोळा वर केला नाही.

"देवराव," जाईबाई म्हणाली, "शेटच्या कुलपाची चाबी इथी खुंटीवर?"

"ते सोयीसाठी हाय, बाई. रोज किती खेपा मारू?"

"मंग माही बी दे. माह्या घरी बी खुंटी हाय."

देवराव हसला, मग त्यानं महादेवरावाकडे पाहिलं. "तसं नाई जमत."

"काहून?"

"हे महादेवराव हायेत, बाई."

"अन् मी कोन हाव?"

याचं उत्तर त्या दुकानात सगळ्यांना माहीत होतं. महादेवरावानं विषय बदलला. "जाईबाई, राग नका करू. ते ऑर्डर माह्या नावावर फिरवून द्या. सूत मी सोडवतो. माग तुमचेच, माणसं तुमचीच, मजुरी मी देतो. तुमाले बी सुटल्यासारखं होईन."

जाईबाईच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. बँकेकडे स्वतःचा असा कोणाचा पैसा होता? भाजी विकणाऱ्या बायकांचा. निंदणाच्या मजुरीचा. विहाराचा. तोच महादेवरावाकडे गेला, त्याच्यावर गोदाम उभं राहिलं, आणि त्याच पैशाच्या जोरावर तो आता तिला तिच्याच मागावर मजूर ठेवायला निघाला होता. आयजीच्या जिवावर बायजी उदार! आणि ती आयजी म्हणजे सुंदराबाई. "कोनी नाई वापरत," असं तिला आपण स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

"महादेवराव," ती म्हणाली, "बँक यायच्या आधी तुमी मले लुटत होते, पन सूत देत होते. आता आमच्याच पैशानं आमाले मजूर करून राहिले. त्याच्यापेक्षा लुटत होते ते बरं होतं."

घरी येऊन तिनं कुऱ्हाड काढली. भर दुपार, मे महिना. अकोल्याचं ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. तिनं कुऱ्हाड उगारली तोच मोतीरामनं तिचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं तिचा हात असा कधी धरला नव्हता.

"कुलूप तोडशीन तं जेल होईन," तो म्हणाला. "कुलपाले हात लावू नको. दार काढू."

"म्हंजे?"

"हे दार म्या बसवलं हाय. बिजागरी नाई याले, खाली-वर लाकडाची चूळ हाय, खोबनीत फिरते. खालून पहार घालून उचललं की चूळ खोबनीतून निघते. कुलूप राहते तसंच."

जाईबाई नवऱ्याकडे पाहत राहिली. मग तिनं कुऱ्हाड टाकली आणि पहार आणली. बुधाजी आला. तिघांनी दार उचललं. वरची-खालची चूळ निघाली, कुलपाच्या बाजूनं दार आत वळलं आणि माणूस आडवा शिरेल एवढी वाट झाली. गठ्ठे बाहेर आले. दार पुन्हा खोबणीत बसवलं. कुलूप शाबूत, लाख शाबूत, पाटी सरळ. रंगाची कढई पुन्हा चुलीवर चढली.

ती स्वतः मागावर बसली. पंजाची धपधप वस्तीभर ऐकू गेली, आणि ज्यांनी पाटी पाहून मान फिरवली होती ती माणसं दाराशी येऊन उभी राहिली. बाळापूरला गेलेल्यांपैकी दोघं परत आले. मजुरी अर्धी आत्ता, अर्धी बिल आल्यावर, असं ठरलं. रोज दुपारी, गाव झोपलं की, दार निघायचं, लागतील तेवढे गठ्ठे बाहेर यायचे आणि दार बसायचं.

आणि देवराव? तो नेमानं तपासणीला यायचा. निंबाखाली उभा राहायचा. तिथून दार दिसायचं, कुलूप दिसायचं, पाटी दिसायची. 'माल शाबूत' असं लिहायचा आणि जायचा. पावसाळा लागल्यावर तर चिखलाचं निमित्तच झालं. मागांचा आवाज त्याच्या कानावर येत नसेल असं नाही. पण सूत कुठून येतं हे पाहायला आणखी वीस पावलं पुढं जावं लागलं असतं, आणि ती वीस पावलं त्याच्या बापानं टाकली नव्हती, आज्यानंही नाही. बँकेच्या सगळ्या बंदोबस्तात एवढंच भोक होतं, आणि ते त्यांनीच पाडलेलं होतं.

जूनअखेर तीनशे सतरंज्या पोचल्या. सरकारी बिल सरकारी चालीनं आलं, दसऱ्याच्या तोंडावर. तोवर वस्तीनं कसे दिवस काढले ते विचारू नका. जाईबाई पैसे घेऊन बँकेत गेली आणि मुद्दल, व्याज, शिपायानं वापरलेल्या लाखेचेसुद्धा पैसे भरले.

एजंटसाहेब आनंदले. "पाहिलंत बाई? शिस्त असली की सगळं होतं. चला, मी स्वतः येतो तुमचं सूत सोडवून द्यायला. पुढच्या खेपेला कर्ज वाढवू."

आनंदात त्यांना एवढं सुचलं नाही, की सूत कुलपात आहे तर तीनशे सतरंज्या कशाच्या झाल्या.

ते आले. निंबाखाली आल्यावर देवराव सवयीनं थांबला. "चला की," एजंटसाहेब म्हणाले, "किल्ली तुमच्याकडे आहे." देवरावाला जावं लागलं. दोन्ही बाजूंना वस्ती उभी होती. त्यानं धोतर आवरून एकेक पाऊल टाकलं, लाख फोडली, कुलूप काढलं, दार ढकललं.

आत शेणानं सारवलेली स्वच्छ जमीन होती. सुताचा एक धागाही नव्हता. मधोमध तांब्या आणि पाण्यानं भरलेले दोन पेले ठेवले होते.

"माल कुठं आहे?" एजंटसाहेबांचा आवाज चिरकला.

"तुमच्या देवरावच्या वहीत शाबूत हाय," जाईबाई म्हणाली. "सूत शाळेत हाय. पोरं बसून राहिली त्याच्यावर. तुमचे पैसे भेटले, नाई का? देवराव, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा घरी आले. पानी घ्या."

दसऱ्याचं ऊन अंगातून पाणी काढत होतं. देवरावाच्या कानशिलावरून घाम गळत होता, ओठ सुकले होते.

"तहान नाई," देवराव म्हणाला.

एजंटसाहेबांचं लक्ष पाण्याकडे नव्हतंच. "बाई, हा गुन्हा आहे. बँकेनं तुमच्यावर विश्वास टाकला आणि तुम्ही विश्वासघात केलात!"

चार-पाच महिने आवरून धरलेला राग तेव्हा जाईबाईच्या तोंडून निघाला, पण ती ओरडली नाही. "विश्वास? विश्वास कवा टाकला, साहेब? विश्वास टाकला तो या बायकांनी, तुमच्यावर. सारे पैसे आणून दिले अन् तुमच्या तिजोरीले आपलं कुलूप नाई लावलं. तुमी आमच्यावर काय टाकलं? हे!" तिनं देवरावाच्या हातातल्या कुलपाकडे बोट दाखवलं. "घेऊन जा तुमचं तुमाले. अन् आमचे विहाराचे पैसे आजच्या आज काढून द्या."

"ती मुदत ठेव आहे," एजंटसाहेब म्हणाले. "मुदतीआधी मिळणार नाही. नियम आहे."

म्हणजे बायकांच्या पैशालाही त्यांचंच कुलूप.  दोघं गेले. पेले भरलेले तसेच राहिले.

त्या बँकेनं जाईबाईला पुन्हा कधी उभं केलं नाही. पुढच्या वर्षी शाळांची ऑर्डर महादेवरावानं घेतली, बँकेच्या पैशावर दहा माग टाकले आणि बाळापूरची माणसं मजुरीला आणली. जाईबाईचे सहाचे तीन माग झाले. बँकेच्या आणखी शाखा निघाल्या, एजंटसाहेब बढती मिळून अमरावतीच्या मोठ्या कचेरीत गेले. जाईबाईचा राग मात्र कुठं गेला नाही. मुदत संपायच्या दिवशी ती सगळ्या बायकांना घेऊन बँक उघडण्याआधीच दारात जाऊन बसली होती.

पैसे ट्रंकेत परत आले. विहाराचं छत आणखी दोन पावसाळे लांबलं, त्यावरून वस्तीत कुरकुरही झाली. पण त्या पैशातून बुधाजीनं स्वतःचा माग घातला, वस्तीतल्याच कौशल्येनं शिलाईचं यंत्र घेतलं, आणि जाईबाईचे माग पुन्हा सहा झाले. कोणाला किती उसने द्यायचे ते सुंदराबाई आणि जाईबाई मिळून ठरवत. तारण घेत नसत. अट एकच होती आणि ती जाईबाईनं घातली होती. पैसे देण्याआधी मागणाऱ्याच्या घरी जायचं, त्याचं काम चालू असताना पाहायचं आणि त्याच्या हातचं पाणी पिऊन यायचं.